सात वर्षांनी बुडणारी ठेव
(नंदनवन, नागपूर येथील भाषणातून)



आमच्या शेजारच्या एका भगिनींनी १९९६ पर्यंत बी.कॉम.ची दोन वर्षे पूर्ण केली. लग्न झाले, तिसरे राहिले. आज त्या शिवणकामावर घर चालवतात. राहिलेले वर्ष ऑनलाइन पुरे करावे म्हणून जुन्या गुणपत्रिका घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांकांची पेढी स्थापन केली. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीत वापरावेत, ही कल्पना निःसंशय चांगली. परंतु त्या नियमांनी २०२१-२२ पूर्वीची ठेव नाकारली आणि नव्या ठेवीला कमाल सात वर्षांचे आयुष्य दिले. उभा जन्म अर्थशास्त्र शिकवण्यात गेला. मुदत संपताच मुद्दल बुडवणारी पेढी मी पाहिली नव्हती!

शिक्षण सोडतो कोण? ज्याच्या घरचा पैसा संपतो तो. जिचे लग्न उरकले जाते ती. त्यांना परतायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाले ते अशांसाठीच. जुन्या गुणपत्रिकांचे श्रेयांकांत मूल्यमापन झालेच पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

त्या भगिनींना मी म्हटले, मुक्त विद्यापीठात चौकशी करा. पण पहिल्या वर्षापासून आरंभ करण्याची तयारी ठेवा. त्यांनी एवढेच विचारले, "सर, फी किती पडेल?"