गाडीची कुंडली

जमीन घ्यायची म्हटली की आपण आधी सातबारा मागतो, फेरफार पाहतो. जुनी गाडी घेताना मात्र रंग पाहतो. मीही तेच केले.

२००३ साली नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो. तिथे एक लाल, दोनच आसनांची, टप उघडणारी गाडी घेतली. माझदा कंपनीची ही गाडी इंग्लंडमध्ये एमएक्स-५ म्हणून विकली जाई, जपानमध्ये युनोस रोडस्टर म्हणून. माझी युनोस होती, १९९० ची. म्हणजे जपानमध्ये वापरून मग बोटीने आलेली. तिकडेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे अशा गाड्या इंग्लंडमध्ये पुष्कळ येत. मीटरवर ४६ हजार मैल, आणि कागदावर आधीचा माणूस एकच. मी खूश!

तो एक आकडा फसवा होता. इंग्लंडमधली मोजणी तिथल्या नोंदणीपासून सुरू होते. जपानमधले मालक त्यात धरतच नाहीत. शिवाय त्या कागदावर स्पष्ट छापलेले असते, की हा मालकीचा पुरावा नव्हे. नाव असते ते गाडी सांभाळणाऱ्याचे.

एकदा बॉनेट उघडले असता आत जपानी अक्षरांची चिठ्ठी चिकटवलेली दिसली. ऑफिसातल्या एका जपानी बाईंना दाखवली. त्यांनी वाचले: टायमिंग बेल्ट बदलला, हेइसेइ ९, १ लाख ४ हजार किलोमीटर. जपानमध्ये सम्राटाच्या राजवटीवरून वर्षे मोजतात. हेइसेइ ९ म्हणजे १९९७. आता हिशेब करा. १ लाख ४ हजार किलोमीटर म्हणजे सुमारे ६५ हजार मैल. १९९७ मध्ये ६५ हजार आणि २००३ मध्ये ४६ हजार! माणसाचे वय असे कमी होत असते तर काय हवे होते?

मागच्या काचेवर एक गोल स्टिकर होते. गाडी ठेवायला जागा आहे, असे पोलिसांना दाखवल्याशिवाय जपानमध्ये मोटार नोंदवता येत नाही. त्याची ती खूण. बाई म्हणाल्या, ही स्टिकरे १९९१ मध्ये सुरू झाली. गाडी १९९० ची. म्हणजे नंतर तिचा मालक बदलला, निदान घर तरी बदलले. पोलीसखाते नीगाताचे, बर्फाच्या मुलुखातले. खालचा पत्रा का गंजला, तेही थोडे उमगले.

त्या वेळी कागदावर आधीच्या माणसाचे नाव-पत्ता छापलेले असे. मी पत्र टाकले. उत्तर आले, सभ्य आणि थोडे दुखावलेले: १९९९ मध्ये त्यांनी गाडी घेतली तेव्हा मीटर ३८ हजार मैल दाखवत होता. म्हणजे आकडा उतरला तो १९९७ ते १९९९ च्या दरम्यान. नीगाताच्या गॅरेजनंतर आणि या गृहस्थांच्या दारात येण्याआधी. कोणी उतरवला, ते शेवटपर्यंत कळले नाही.

२००६ मध्ये परत यायचे ठरले. गाडी पाहायला एक तरुण आला. पहिल्या नोकरीचे साठवलेले पैसे होते त्याच्याकडे. तोही रंगच पाहत होता. आदल्या रात्री घरात वाद झाला होता. सौभाग्यवतींचे म्हणणे, "आपल्याला कोणी सांगितलं होतं का?" प्रश्न बिनतोड होता. तिकिटांचे पैसेही त्यातूनच यायचे होते.

मी बॉनेट उघडले, चिठ्ठी दाखवली, हिशेब मांडला. त्याने ६०० पौंड कमी केले. मी दिली. चहा घेऊन तो निघाला, फाटकापर्यंत गेला, परत येऊन त्याने बॉनेट उघडले आणि त्या चिठ्ठीचा फोटो काढून घेतला.