आत्याचा घेवडा आणि 14 बिया

आज आपण बोलणार आहोत श्रावण घेवड्याबद्दल. मुंबईकडे ज्याला फरसबी म्हणतात, तोच. पण बाजारात मिळतो तो नाही, घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या राखलेला जुना घेवडा.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. माझी आत्या सातारा जिल्ह्यात राहायची. तिच्या परसात मांडवावर चढणारा एक घेवडा होता. शेंग चपटी, हिरवी, वर जांभळ्या रेघा. शिजली की रेघा गायब! शीर मात्र अशी चिवट, की दुपारभर आम्ही पोरं ओळीनं बसून शिरा काढायचो. चव? ओलं खोबरं घातलेली ती भाजी मला नंतर कुठेच मिळाली नाही.

आत्या गेली, आणि राखेत ठेवलेल्या बियांची पुरचुंडी माझ्याकडे आली. मी ती ‘जपून’ ठेवली. पाच वर्षं, स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फडताळात! मागच्या जूनमध्ये 14 बिया पेरल्या, सगळ्या एकदम. उगवल्या किती? तीन.

घेवड्याचं बी घरातल्या हवेत साधारण तीनेक वर्षं बरं उगवतं. उष्णता आणि दमटपणा असेल तर त्याहून कमी. म्हणजे आठवण म्हणून बी ठेवून चालत नाही, ते पेरावं लागतं. आणि कधीही सगळं पेरायचं नाही. निम्मं मागे ठेवायचं.

आता एक गोष्ट सांगते, ती मला स्वतःलाच टोचली. जुनी बियाणी गेली की आपण म्हणतो, संकरित बियाण्यानं घात केला. भोपळ्या मिरचीत, टोमॅटोत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण घेवड्याचं फूल उमलायच्या सुमारासच आतल्या आत स्वतःचं परागीकरण उरकून घेतं. त्यामुळे घेवड्यात संकरित वाण जवळजवळ नाहीतच. दुकानातून आणलेल्या ‘कंटेंडर’चं किंवा बंगळुरूच्या संस्थेनं काढलेल्या ‘अर्का कोमल’चं बीसुद्धा घरी धरता येतं. मग आत्याचा घेवडा कुणी घालवला? आपणच. शिरा काढायचा कंटाळा आला, मांडव घालायला जागा उरली नाही, आणि पेरायचं राहून गेलं.

बिनशिरेचा घेवडा तसा अलीकडचाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅल्विन कीनी यांनी कमी शिरेची झाडं निवडत निवडत तो आणला. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण चिवट शीर दिसली की शेंग जून झाली म्हणून टाकू नका. जुन्या जातींत कोवळ्या शेंगेलाही शीर असते.

आता कामाचं. घाटावर जून-जुलैत किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा. एप्रिल-मेच्या उन्हात फुलं गळतात. कुंडी असेल तर निदान फूटभर खोल हवी, आणि वेलाच्या जातीला सहा फुटांची काठी. बी रात्रभर भिजवू नका, फुटतं आणि कुजतं. ओलसर मातीत इंचभर खोल टोचा, बस्स.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बियांसाठी एक झाड आधीच बाजूला काढा. त्याला लाल दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कारण भाजीची शेंग कोवळी तोडायची असते, बियांची मात्र वेलावरच वाळू द्यायची असते. वेलावर शेंगा वाळायला लागल्या की तो नवीन फुलं धरायचं कमी करतो. म्हणून भाजीची झाडं वेगळी, बियांचं वेगळं. दोन जाती लावल्यात तर मध्ये दोन-तीन मीटर अंतर ठेवा. शेंग हलवली की आतलं बी खुळखुळलं पाहिजे. मग सोलून सावलीत आणखी वाळवा. दातानं चावल्यावर खूण उमटली तर अजून ओलं आहे. पूर्ण वाळलं की घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, वर जात आणि साल लिहा, आणि फ्रिजमध्ये ठेवा. भुंगाही लागत नाही.

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंत किती गावरान वाण असेच घरच्या घरी राखले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची पद्धत काय? पेरायचं, राखायचं, आणि दुसऱ्याला द्यायचं.

त्या तीन वेलांचं काय झालं, विचाराल. एक गोगलगायींनी खाल्ला. दुसऱ्याच्या शेंगा मी दौऱ्यावर असताना घरच्यांनी भाजीत घातल्या. दोरा बांधला नव्हता, दोष माझाच! तिसऱ्यानं मात्र 112 बिया दिल्या. त्यातल्या वीस-वीस मी तीन घरांत वाटल्यात. आता माझ्याकडचा गेला तरी आत्याचा घेवडा जाणार नाही.

तुमच्या घरात कुणाकडे अशी पुरचुंडी आहे का, आजच विचारा. उद्यावर टाकू नका. भेटू पुढच्या भागात!