उसातला रहिवासी



जुन्नर-आंबेगावच्या वन्यप्राण्यांवर बोलायचं तर यादी फार लांबेल. मी दोनच प्राणी घेतो, शेकरू आणि बिबट्या. त्यातही बराचसा वेळ बिबट्याला देणार आहे, कारण इथल्या कितीतरी जणांना व्याख्यान संपल्यावर बॅटरी लावून, मोठ्याने बोलत मळ्यात परतायचं आहे.

आपला देश हिमालयापासून वाळवंटापर्यंत पसरलेला, म्हणून इथे प्राणीही तऱ्हेतऱ्हेचे, असं आपण शाळेत शिकतो. पण एवढं लांब जायला नको. आहुप्याच्या कड्यावर आठवडाभर धुकं आणि पाऊस हटत नाही, तेव्हा अणे-बेल्ह्याकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. या दोन टोकांच्या मध्ये धरणं, कालवे आणि ऊस आहे.

शेकरू पश्चिमेच्या, आहुप्याकडच्या टोकाचं. ते आपल्या राज्याचा मानाचा प्राणी आहे आणि १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याची ओळखही. फळं, बिया, साल खातं, एकेक जण अनेक घरटी बांधतं आणि सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीला फांदी लागलेली असेल तरच त्याचा संसार चालतो. मधली चार झाडं तोडली की त्याचा रस्ताच तुटला. महादेव कोळी समाजाने देवाच्या नावाने देवराया राखल्या, त्यांत आहुप्याची देवराई मोठी. त्या राखणीचं ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही, असं मला वाटतं.

बिबट्याचं सगळं उलटं. त्याला जंगलच लागतं असं नाही. लपायला आडोसा, प्यायला पाणी आणि रोजचं भक्ष्य एवढं मिळालं की तो राहतो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, डिंभ्याचं पाणी आलं, जिरायत बागायत झाली आणि वर्षभर, दीड वर्ष उभा राहणारा ऊस आला. बिबट्याला त्यात तिन्ही गोष्टी मिळाल्या. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता.

म्हणून ‘जंगलातून भरकटलेला बिबट्या’ हे वाक्य आपण आता सोडलं पाहिजे. तो उसात जन्मतो, उसात वाढतो, तिथेच त्याची पिल्लं होतात. देशातल्या बिबट्यांची २०२२ची गणती १३,८७४ सांगते, महाराष्ट्रातली १,९८५. पण ती गणती जंगलांतली आहे. आपल्या मळ्यातला बिबट्या तिच्यात धरलेला नाही.

त्याला पाहुणा समजल्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. २००१च्या आधी जुन्नर वन विभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्या वर्षी बिबटे पकडून दूर सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाली. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. पुढच्या काळात हल्ले वर्षाला १७वर गेले आणि त्यांतले जीवघेणे ३६ टक्के, म्हणजे आधीच्या दुप्पट झाले. पिंजऱ्यात घाबरलेलं, अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर घराकडे निघतं आणि वाटेत माणसं भेटतात. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो. त्याला ना वाटा माहीत, ना वस्त्या.

२००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला, पुढे ‘आजोबा’ म्हणून प्रसिद्ध झालेला बिबट्या कॉलर लावून माळशेज घाटात सोडला होता. तो महामार्ग, रेल्वेमार्ग ओलांडत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, वाटेत माणसाला न दुखवता. चालत १०० किलोमीटरहून जास्त जाणाऱ्याला आपण ४० किलोमीटरवर सोडून निश्चिंत होत होतो.

हे सगळं मी मेलेल्या माणसांना विसरून बोलत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली. ज्या आईच्या अंगणातून लेकरू उचललं, तिला सहजीवनाचं प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही. माणूस मारणारा बिबट्या पकडावाच लागतो, प्रसंगी गोळी घालावी लागते. पकडलेल्यांसाठी २००२पासून माणिकडोहचं केंद्र आहे. पण पिंजऱ्यांत किती बिबटे ठेवणार? नसबंदीचा प्रयोग सावधपणे करून बघावा. मात्र आजचा बिबट्या त्याने कमी होत नाही आणि उद्याच्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

उपयोग होईल तो बंदिस्त गोठ्यांचा, घराभोवती मोकळ्या ठेवलेल्या जागेचा, उघड्यावर न टाकलेल्या कोंबड्यांच्या आतड्यांचा. आणि सगळ्यांत आधी शेतीच्या दिवसाच्या विजेचा. रात्री बारा वाजता वीज येणार म्हणून शेतकरी अंधारात दारं धरायला वाकतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. दिवसा वीज ही सवलत नव्हे, ती प्राणरक्षणाची गोष्ट आहे. हे मी ज्या व्यासपीठावर जाईन तिथे सांगणार आहे.

आता तोडणीचं. कोयता चालू झाला की सरीत बछडे सापडतात. त्यांना उचलून घरी नेऊ नका, फोटोसाठी गर्दी करू नका. १९२६वर फोन करा. वन विभागाची माणसं पिल्लं तपासून संध्याकाळी क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात आणि लांबून कॅमेरा लावतात. बहुतेक वेळा मादी अंधार पडल्यावर येते, मानगूट धरून एकेक पिल्लू नेते. पिल्लं हरवलेली मादी मात्र रात्रभर वस्तीभोवती फिरते.

त्याच शेताच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. दार नाही, दिवा नाही, पाचटावर झोपलेली मुलं. टोळी येण्याआधी कारखान्याने आणि ग्रामपंचायतीने मिळून गावालगत, दिव्याखाली, कुंपण घातलेली जागा त्यांना द्यावी. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा ठराव मांडता येईल, आणि तो मांडणारे इथे समोर बसलेले आहेत.