खजिना कोणाच्या दाराजवळ?



नवी पेठेत व्याख्यान, तेही खेळावर, आणि व्याख्याता युनियनचा कार्यकर्ता! हा काय प्रकार, असे आपणांस वाटले असेल. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. तेथे येणाऱ्या मुलांनी आम्हांस विचारले, "काका, साऱ्या पृथ्वीवर खजिना शोधायचा खेळ आम्ही संगणकावर रचतो आहोत. देशोदेशींची मुले एकदम खेळतील. नियम कसे असावेत?"

कल्पना जुनीच आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने आपल्या स्थानदर्शक उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दोनच दिवसांत ऑरेगॉन राज्यात एकाने रानात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नियम एवढाच: काही घ्या, काही ठेवा. हा छंद पुढे जगभर पसरला.

मुलांचा नियम मात्र निराळा होता: जो आधी हात लावील, त्याचा खजिना. दिसायला सरळ. पण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. खेळाचा हिशेब ठेवणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगास २० हजार किलोमीटरवर असला, तर आपल्या मुलाचा संदेश पोचायला निदान सेकंदाचा दहावा भाग लागतो. उत्तर यायला पुन्हा तेवढाच. तोवर सर्व्हरशेजारच्या मुलाने खजिना उचललेला! सोलापूरचा मुलगा मंद नव्हता, लांब होता.

हे आम्ही आधी अंगावर भोगले, मग पुस्तकात वाचले. तरुणपणी आम्ही एका कारखान्यात बदली कामगार होतो. जो आधी दाराशी, त्याला काम. खेड्यातून सायकल हाणीत आम्ही येईपर्यंत जवळच्या चाळीतल्यांनी जागा भरलेल्या असत. मुकादम म्हणे, "नियम सर्वांना सारखाच आहे." सारखा होता खरा, पण घरी चूल पेटत नसे.

म्हणून आम्ही मुलांना सुचवले: खजिन्याचे तुकडे करा. एक खूण सोलापुरात, एक आफ्रिकेत, एक ब्राझीलमध्ये. सर्व जुळल्यावाचून पेटी उघडू नये. आपल्याकडे दिवस तेव्हा तिकडे रात्र. म्हणून प्रत्येकाला पुरा एक दिवस द्या. आणि भाषा? मागांच्या खडखडाटात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे कामगार हाताच्या खुणांनी बोलतातच. तशा दहा-बारा खुणा द्या.

मुले म्हणाली, "काका, मग जिंकणार कोण?" प्रश्न रास्त आहे. चुरस नसेल तर खेळ अळणी होतो. तेव्हा टोळ्याटोळ्यांत चुरस लावा. पण प्रत्येक टोळीत जवळचे आणि लांबचे दोन्ही असू द्या.

करार करताना आम्ही शेवटच्या बदलीलाही बैठकीत बसवतो. मुलांनो, नियम पक्के करण्यापूर्वी सर्वांत लांबच्या खेळाडूला एकदा खेळवून पाहा, आणि त्याचे ऐका.