साहेब, तुमचं खरं मत काय?

नोकरी करणाऱ्या बाईने बाळाला अंगावर पाजावं का, असं कुठल्याही साहेबाला विचारा. 'अवश्य पाजावं' हेच उत्तर येईल. पण मार्चअखेरची धावपळ आहे, तिघांच्या विभागातली एक बाई बारा वाजता उठून वीस मिनिटं दूध काढायला जाते, आणि उरलेले दोघे घड्याळाकडे बघतात. त्या वेळी साहेबाच्या मनात काय येतं? मोजायचं असतं ते हे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यावरचा त्यांचा लेख २०१२ साली आला. त्याआधी, २०१० मध्ये, तिथल्या कायद्याने पुष्कळशा नोकरदार मातांना बाळ वर्षाचं होईपर्यंत दूध काढायला वेळ आणि आडोशाची जागा देणं मालकांवर बंधनकारक केलं होतं. जागा म्हणजे बाथरूम नव्हे, हेही कायद्यात लिहावं लागलं. त्याआधी काय चालत असेल, ते यावरून ओळखा!

मनाचा कल मोजायची नेहमीची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. एक विधान द्यायचं आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतच्या पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायला सांगायचं. सगळी मेख विधानात असते. 'आईचं दूध सर्वोत्तम' या विधानावर सगळेच पास होतात, म्हणून ते निरुपयोगी. त्याऐवजी असं विचारावं: 'एकीला अशी सवलत दिली की इतरांवर अन्याय होतो.' किंवा, 'दूध काढण्यात गेलेला वेळ तिने संध्याकाळी भरून द्यावा.' (ही विधानं माझी, त्या प्रश्नावलीतली नव्हेत.) इथे पेन जरा अडखळतं. अनुकूल-प्रतिकूल विधानं मिसळायची, म्हणजे एकाच रकान्यात सरसकट खुणा करून कुणी मोकळं होत नाही. आणि फॉर्मवर नाव नको. कागद वरिष्ठांकडे जाणार असं कळलं, की सगळेच साहेब उदार होतात.

साहेबाच्या मताला एवढं महत्त्व का? कारण शरीर मीटिंग संपायची वाट बघत नाही. काही तास दूध काढलं नाही तर छाती भरून दुखते, गाठी होतात, कधी ताप येतो. असे दिवस लांबले की दूध आटत जातं.

आपल्याकडे १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी दिली. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची केली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा आली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही या तरतुदी आहेत. मात्र या रजेतले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले असतील, तर बाई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून अधिक.

शिवाय, बाळ जवळपास आहे असं कायदा गृहीत धरतो. विरारहून चर्चगेटला येणाऱ्या आईचं बाळ विरारलाच आजीपाशी असतं. तिला हवी असते कडी लागणारी एक खोली, दूध ठेवायला फ्रीज, आणि 'पुन्हा कुठे निघालात?' असं न विचारणारा साहेब. खोली आणि फ्रीज आहे की नाही, ते जाऊन बघता येतं. साहेबासाठी मात्र प्रश्नावली लागते.

ती इंग्रजीतून जशीच्या तशी उतरवून भागणार नाही. 'घरी आजी आहे, मग वरचं दूध चालतं की!' हे विधान आपल्या प्रश्नावलीत हवंच. 'बाईने हे माझ्याशी कशाला बोलावं, एखाद्या मॅडमना सांगावं,' हेही हवं. आणि ती भरून घ्यायची ती मुख्य कार्यालयातल्या बड्या अधिकाऱ्याकडून नव्हे, तर पाळीवरच्या सुपरवायझरकडून. 'जरा जाऊन येते' असं ती त्यालाच सांगणार असते.