दाने वेगळी, देह एक



एकजूट कशाने टिकते आणि कशाने फुटते, हा आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा रोजचा प्रश्न. त्याच प्रश्नापायी आम्ही पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रापर्यंत येऊन पोहोचलो. पांडित्याचा आव न आणता, तेथे जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

हे पत्र सुमारे इ. स. ५४ चे. करिंथ हे ग्रीसमधले भरभराटीचे व्यापारी शहर. रोमनांनी ते इ. स. पूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केले आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने पुन्हा वसविले. नव्या वस्तीत गुलामीतून सुटलेले लोक पुष्कळ होते. मंडळीही तशीच सरमिसळ. यहुदी सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प तिच्यात होता आणि गुलामही होते. पौल स्वतः तेथे तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत असे.

या मंडळीत तट पडले. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोचा, कोणी केफाचा म्हणवू लागला. अनोळखी भाषा बोलण्याचे दान ज्याला लाभले, त्याचा तोरा वेगळाच. प्रभुभोजनाला जमले तरी एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन धुंद होई.

पौलाने त्यांना शरीराचा दाखला दिला. तो दाखला त्या काळी नवा नव्हता. लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो की, इ. स. पूर्व ४९४ मध्ये कर्जाने गांजलेले सामान्य लोक रोम सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. आमच्या भाषेत तो संपच! तेव्हा सरदारांच्या वतीने मेनेनियस अग्रिपा गेला. हातांनी आणि तोंडाने पोटाविरुद्ध बंड केले, आणि त्यात सारेच शरीर खंगले, अशी गोष्ट त्याने सांगितली. लोक परतले, पण आपले कैवारी अधिकारी, म्हणजे ट्रिब्यून, मिळवूनच परतले.

पौल पोटाची वकिली करीत नाही. जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे, आणि ज्याला मान उणा त्याला देवाने अधिक मान दिला, असे तो म्हणतो. दानांच्या यादीत चमत्कार आणि रोग बरे करणे यांच्याच ओळीत तो मदत करणे आणि व्यवस्था पाहणे यांनाही बसवितो. आमच्या युनियनमध्येही द्वारसभेत गर्जणाऱ्याचे नाव होते. वर्गणीची पावती फाडणारा आणि जाजम अंथरणारा नसेल, तर मात्र ती सभाच होत नाही.

शिवाय पौल नुसता उपदेश करून थांबत नाही, नियम घालून देतो. अर्थ सांगणारा नसेल तर अनोळखी भाषा बोलणाऱ्याने सभेत गप्प राहावे. जेवताना एकमेकांची वाट पाहावी. यरुशलेमच्या गरजूंसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढावे. बोलणाऱ्याला अर्थ सांगणारा लागतो, आणि ही गरज ओळखणे म्हणजेच एकी.

देहाचा दाखला ऐकताच आपल्याकडे पुरुषसूक्त आठवेल, आणि ते योग्यच आहे. पाय कोणाचे हे जन्माने ठरले, की एकतेच्या नावाखाली उतरंड उभी राहते. पौलाच्या मते दान आत्म्याच्या इच्छेने मिळते, कुळाने नव्हे. तथापि आपल्या देशातल्या ख्रिस्ती मंडळींतही जातिभेद शिरला, हे नाकारता येत नाही. आणि ज्या पत्रात सर्व अवयवांचा मान सांगितला, त्याच पत्रात स्त्रियांनी सभेत मौन धरावे असेही वचन आहे.

म्हणून कोणी "आपण सारे एक" म्हणाला, की आम्ही दोन गोष्टी विचारतो : तुमच्यातल्या सर्वांत दुबळ्याला मान किती? आणि तो येईपर्यंत तुम्ही जेवायला थांबता का? मंडळी असो वा युनियन, या दोन प्रश्नांना जी उतरेल तिचीच एकी खरी.