गच्चीचा पाइप आणि हौदातले मासे

शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुने पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. 1928 साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. ते पुढे दिल्लीला गेले, पण वेधशाळेजवळच्या चौकाचे ‘सिमला ऑफिस’ हे नाव काही बदलले नाही. हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला, की आपण गच्चीवरचे कपडे काढतो, गाडी झाडाखालून हलवतो, मेणबत्त्या शोधतो. परसातल्या हौदातले मासे कुणाच्या ध्यानात येत नाहीत. जन्मच पाण्यातला, त्याला पावसाचे कसले भय, असे आपण म्हणतो. मीही म्हणत होतो.

माझा हौद सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट खोल. त्यात काही गोल्डफिश आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी. 3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि त्याचा तडाखा पुण्यालाही बसला. शहरात झाडे पडली, अनेक भागांत वीज गेली. आमचीही गेली आणि हौदातला कारंज्याचा पंप थांबला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो, तर चार गोल्डफिश उलटे तरंगत होते. बाकीचे पृष्ठभागाशी तोंड आणून आ वासत होते. हौदात एक फांदीसुद्धा पडलेली नव्हती. मग मासे दगावले कशाने?

गुदमरून. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो. पंचवीस अंशांच्या एक लिटर पाण्यात तो फार तर आठेक मिलिग्रॅम मावतो. त्यातही आभाळ दिवसभर भरलेले असले, की शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू फारसा तयार करत नाहीत. रात्री मात्र त्याही माशांसारखाच श्वास घेतात. वाऱ्याने आणून टाकलेला पाला कुजू लागतो, तोही प्राणवायू खातो. वरून पडलेले गार पाणी तळाशी जाते आणि तळचा कुजका गाळ ढवळून वर आणते. म्हणून वादळ ऐन भरात असताना मासे तगतात आणि सगळे शांत झाल्यावर, पहाटेच्या वेळी, मान टाकतात.

एवढ्यावर माझे समाधान झाले नाही, म्हणून कागद घेऊन हिशेब मांडला. माझ्या हौदात सुमारे 1,700 लिटर पाणी. समजा, 100 मिलिमीटर म्हणजे चार इंच पाऊस झाला, तर थेट आभाळातून हौदात पडणार सव्वादोनशे लिटर. एवढे हौद सोसेल. पण आमच्या पाचशे चौरस फुटांच्या गच्चीचा पाइप त्याच कोपऱ्यात सुटतो. तेवढ्याच पावसात तिथून येणार साडेचार हजार लिटरांहून अधिक! हौदातले पाणी अडीच वेळा बदलून जाईल एवढे. आणि कसले पाणी? गच्चीवरची धूळ, कबुतरांची विष्ठा, सिमेंटचा चुना असे सगळे धुऊन आणलेले. पाणी आम्ल किंवा अल्कधर्मी होताना ते सांभाळून धरणारे क्षार पावसाच्या पाण्यात जवळजवळ नसतात. त्यामुळे पाण्याचा स्वभाव काही तासांत पालटतो आणि माशांच्या कल्ल्यांना ते झेपत नाही. वादळाला मी उगाच बोल लावत होतो. खरा चोर घरचाच पाइप होता.

तेव्हा इशारा येताच पहिले काम म्हणजे पाइपाचे तोंड हौदापासून दूर वळवणे. प्लंबरकडून एक एल्बो बसवून घेतला, की झाले. दुसरे, एक दिवस आधीपासून माशांना खाणे बंद. धडधाकट मासा चार दिवस उपाशी सहज राहतो, मात्र पचनाला प्राणवायू लागतो आणि उरलेले खाणे पाणी नासवते. तिसरे, हौद काठोकाठ न भरता वीतभर रिकामा ठेवावा आणि वर बारीक जाळी ताणून बांधावी. ताडपत्रीने मात्र गच्च झाकू नका, हवा खेळली पाहिजे. कमळाची पाने, जलपर्णी फार माजली असेल तर निम्मा पृष्ठभाग मोकळा करा.

वारा सुटण्याआधी पाण्यातल्या पंपाचा प्लग काढून ठेवा. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून वायरीशी खेळणे म्हणजे माशांआधी आपण जाणे. मत्स्यालयाच्या दुकानात बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप मिळतो, तो आणून ठेवावा. तो नसेल तर वीज गेल्यावर, पाऊस थांबला की, हौदातलेच पाणी तांब्याने काढून हातभर उंचीवरून परत ओतत राहा. धार फुटते आणि पाण्यात हवा मिसळते. पहाटे चारला गजर लावून उठावे लागले तरी उठा. घाबरून मासे बादलीत मात्र भरू नका. अरुंद बादलीत ते हौदापेक्षा लवकर गुदमरतात. अगदीच हलवायची वेळ आली तर पसरट टब घ्या आणि त्यात हौदातलेच पाणी घाला.

पाऊस उघडला, की पाणी गढूळ दिसते आणि नळ सोडून हौद धुवायचा मोह होतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपले रक्षण करते, पण माशांचे कल्ले जाळते. पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेवून, मग रोज थोडे थोडे बदलावे. तरंगणारा पाला तेवढा लगेच काढावा.

आता जाळी का, ते सांगतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून आंबिल ओढा पुण्यात कसा घुसला, हे आपण विसरलेलो नाही. त्या रात्रीच्या पुराने शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे नेली. त्या दुःखापुढे माशांची गोष्ट क्षुल्लकच. पण हौद ओसंडला, की त्यातले जीव गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून मुठा नदीत जातात. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात आणि घाणेरड्या पाण्यातही तगतात. आपल्या ओढ्यांतल्या देशी माशांच्या वाट्याचे ते खातात, त्यांची अंडी-पिल्लेही सोडत नाहीत. आपल्या हौदात जो डासांचा वैरी, तोच ओढ्यात घुसखोर. जाळी आहे ती दोन्हीकडच्या माशांसाठी.

‘निसर्ग’नंतर आलेल्या पुढच्या इशाऱ्याच्या दिवशी कपडे काढायला मी गच्चीवर गेलो. खाली येताना बायकोने विचारले, “सगळे काढले ना?” म्हटले, “कपडे राहिलेत दोन. पण पाइप वळवला.”